कारंज्याची गाडी

धुरपताबाई दुसरी शिकली आणि तिथंच थांबली. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. ज्यांना अक्षरं लागतात त्यांनी ती वापरावी, असं तिचं मत. सुनेनं एकदा मोबाइलवर सासूचं नाव लिहून दाखवलं, तर म्हणाली, "माह्यं नाव मले पाठ हाय. तू तुह्या वरणाकडे पाह्य, खाली लागून राह्यलं."

अशा बाईच्या हाती बासष्टाव्या वर्षी नकाशा आला.

नवरा पुंडलिकराव सरकारी मोजणीदार. तीस वर्षं जिल्हाभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, निवृत्त झाले आणि वर्ध्याच्या घरात बसून बायकोच्या स्वयंपाकघराची मोजणी करू लागले. डबा इथं काऊन, माठ तिथं काऊन. तेव्हा नागपूरच्या अण्णाजींनी, म्हणजे त्यांच्या एका जुन्या फौजी मित्रानं, त्यांना झेंड्यांच्या शर्यतीत ओढलं. धुरपताबाईनं अण्णाजींना मनातून शंभर आशीर्वाद दिले.

शर्यत अशी की जंगलात दहाबारा ठिकाणी केशरी-पांढरे झेंडे लावून ठेवतात. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात आणि एकेकाला थोड्या थोड्या वेळानं सोडतात. ज्यानं त्यानं आपल्या डोक्यानं झेंडे हुडकायचे, तिथल्या चिमट्यानं कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. कोणाला विचारायचं नाही. इंग्रजीत त्याला ओरिएंटियरिंग म्हणतात. तो शब्द धुरपताबाईच्या तोंडात कधी मावला नाही.

जानेवारीत पुंडलिकराव चिखलदऱ्याला निघाले, तेव्हा त्यांची शुगर सांभाळायला ती सोबत गेली. पोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन झाडाखाली बसली. बसून बसून कंटाळली, तर अण्णाजींनी एक नकाशा तिच्या हातात दिला. पाहते तर काय, आकडे सोडले तर त्यावर एक अक्षर नाही! तपकिरी रेघा दाटल्या तिथं चढ, विरळ झाल्या तिथं सपाट. निळा तो नाला. गर्द हिरवी ती झाडी. पाणी कुठून कुठं उतरत असेल हे तिला कागदावर दिसलं, जसं बांधावर उभं राहून दिसतं.

"हे तं वाचता येते मले," ती म्हणाली. लुगडं खोचलं आणि गेली. साठीवरच्या बायकांत दुसरी आली. साठीवरच्या बायका एकूण तीनच होत्या, हे पुंडलिकरावांनी घरी येऊन सगळ्यांना न विसरता सांगितलं.

मग वर्षभर तिचा पाय घरात टिकला नाही. मार्चात पचमढी, ऑगस्टात निलगिरी, नोव्हेंबरात डेहराडून. अंगात सलवार आणि वरून नवऱ्याचा जुना शर्ट. दोघांची वाटणी ठरून गेली. जंगलात ती एकटी, वाऱ्यासारखी. स्टेशनावर मात्र पुंडलिकरावांच्या बाहीचं टोक धरून चालायची. पाट्या वाचणं त्यांचं काम.

पण सालाचं जंगल पाहो की चिडाचं, जीव भरत नव्हता. प्रत्येक चढावर तिला एकच डोंगर आठवायचा. कारंजा घाडगेजवळच्या तिच्या माहेराच्या मागचा. सतरा वर्षांची होईपर्यंत बापाच्या शेळ्या घेऊन ती त्यावर हिंडली होती. कपारीत एक झिरा होता, तिथं पालथं पडून पाणी प्यायचं. चारोळीची झाडं कोणती गोड, कोणती तुरट, सगळं ठाऊक. मग लग्न झालं. माहेरी नंतर किती वेळा गेली, भाऊबीजेला, बारशाला, मयतीला. पण माहेरी आलेली लेक चुलीपाशी बसते, भावजयीशी बोलते, पिशवी भरून निघते. डोंगरावर कशाला जाईल? "काय राह्यलं तुह्यं तिथं?" असं कोणी विचारलं तर सांगणार काय? पंचेचाळीस वर्षं तो डोंगर तिनं अंगणातूनच पाहिला.

आणि डेहराडूनच्या गाडीत अण्णाजी म्हणाले, "वहिनी, वर्षाची शेवटची शर्यत डिसेंबरात. तुमच्या माहेरच्या डोंगरावर."

त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

दुसरी गोष्ट तिला त्याच प्रवासात कळली. डेहराडूनला पुंडलिकरावांनी तीन झेंडे सोडले आणि नकाशा छापणाऱ्याच्या नावानं बोंब मारली. परतताना दोन तास पेपर धरून बसले, पान एकदाही उलटलं नाही. घरी कपाटात त्यांच्या बनियनखाली दवाखान्याचा कागद सापडला. अक्षरं तिला कळली नाहीत, पण वरती डोळ्याचं चित्र होतं, ते कळलं. तिनं कागद होता तसा ठेवला. मोजणीदाराची अब्रू त्याच्या डोळ्यात. ती उघड्यावर आणायची नसते, एवढी अक्कल दुसरीपर्यंतही येते.

शर्यतीच्या दिवशी मुलगा धीरज म्हणाला, "बाबा, मी गाडीनं सोडतो."

"तीस वर्षं एसटीनं जिल्हा फिरलो मी," पुंडलिकराव म्हणाले. "आता पोरानं नेऊन घालायचं काय?"

वर्धा स्टँडवर चार नंबरच्या फलाटाला गाडी उभी होती. त्यांच्या नोकरीच्या काळात कारंज्याची गाडी तिथंच लागायची. त्यांनी मान वर करून पाटीकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हेच. चढ."

ती चढली. विचारायची सवयच नव्हती.

उड्डाणपूल ओलांडून गाव सुटलं, रस्ता सरळ झाला आणि तिच्या डाव्या गालावर ऊन आलं. धुरपताबाई ताठ झाली. कारंजा उत्तरेकडं. सकाळचा सूर्य उजव्या हाताला, खांद्याच्या मागं पाहिजे. हा तर डावीकडं, समोर. गाडी दक्षिणेला चालली होती. हा रस्ता हिंगणघाटचा, पुढं समुद्रपूरचा.

अजून वेळ होता. आता ओरडली तर ड्रायव्हर गाडी थांबवेल, ऑटो करून स्टँडवर परतता येईल, पुढची गाडी धरून वेळेवर पोचता येईल. तिनं तोंड उघडलं. शेजारी पुंडलिकराव मांडीवर होकायंत्राची पिशवी घेऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, जसे मोजणीला निघायचे तसे. कंडक्टर चार सीट पुढं होता. तो काय म्हणेल तेही तिला ऐकू आलं. 'काका, पाटी वाचली नाई काय?' सगळी गाडी मागं वळेल.

जिनं सासूला सोडलं नाही, जावयाला सोडलं नाही, सरपंचाला भर सभेत "खाली बस" म्हटलं, तिची जीभ टाळूला चिकटली. डोंगर एकीकडं आणि हा माणूस एकीकडं. एक ढाबा मागं गेला. एक पेट्रोल पंप मागं गेला.

"कुठलं, काका?" कंडक्टर आला.

"दोन समुद्रपूर," धुरपताबाई मधेच बोलली. "एक माह्यं, बायकांचं. एक त्यांचं, म्हाताऱ्यांचं."

पुंडलिकराव तिच्याकडं वळले.

"छायाची लय आठवण येऊन राह्यली," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. छाया म्हणजे समुद्रपूरला दिलेली लेक. "रात्रीपासून जीव लागत नाई. शर्यत काय, पुढच्या साली बी राह्यते."

"हं," पुंडलिकराव म्हणाले.

दोन्हीकडं कापसाची शेतं पळत होती. तिनं डोळे मिटले. आता तिथं नकाशे वाटत असतील. पहिला झेंडा नाल्याच्या वळणावर ठेवला असेल. ती असती तर तिनंही तिथंच ठेवला असता. मग खडा चढ, चारोळीच्या झाडांतून. कोणीतरी शहरातली बाई, दोन हजाराचे बूट घातलेली, झिऱ्यावरून उडी मारून पुढं जाईल आणि तिला कळणारही नाही की खाली पाणी आहे. तिला वाकून प्यावंसं वाटणार नाही. धुरपताबाईचा घसा कोरडा झाला. पिशवीत बाटली होती, पण तिनं ती काढली नाही.

हिंगणघाट मागं पडलं तेव्हा पुंडलिकराव म्हणाले, "ऊन डावीकडून येऊन राह्यलं होतं."

"काय?"

"पूल उतरलो तवाच समजलं मले, गाडी चुकली म्हणून. पाटी दिसत नाई, पण ऊन तं लागते ना."

धुरपताबाईनं डोळे उघडले. "मंग बोलले काऊन नाई?"

"वाट पाह्यत होतो. तू बोलशील म्हणून. तू कोणाले सोडत नाई."

"अरे देवा!" आता जीभ सुटली. "म्हंजे मी तुमची लाज राखून राह्यली, अन् तुम्ही बसले माह्या तोंडाकडं पाह्यत! दोघंही मुके, अन् डोंगर राह्यला तिकडेच!"

समोरची बाई मागं वळून पाहू लागली.

"तू पुढं पाह्य वं बाई," धुरपताबाई तिला म्हणाली. मग आवाज खाली आणून नवऱ्याला, "पंचेचाळीस वर्षं वाट पाह्यली मी. पंचेचाळीस वर्षं, अजी."

"मले माहीत होतं," पुंडलिकराव म्हणाले. "अंगणात उभी राह्यून पाह्यत राहे तू, तवापासून."

समुद्रपूर आलं. धुरपताबाई सवयीनं त्यांची बाही धरायला गेली, तर ते आधीच चालू लागले होते, एका हातानं खांब चाचपत, चौकशीच्या खिडकीकडं. खिडकीपाशी चारपाच माणसं उभी होती. पुंडलिकरावांनी मोजणीत हद्द ओरडून सांगायचे त्या आवाजात विचारलं, "साहेब, माह्या डोळ्यानं पाटी दिसत नाई. आम्हाले कारंजा घाडगेले जायचं हाय. कोणत्या गाडीत बसू, सांगा."

आतला माणूस हसला. "कारंजा? काका, तुम्ही तं उलट्या टोकाले आले."

"ते आम्हाले माहीत हाय," धुरपताबाई मागून म्हणाली. "विचारलं तेवढं सांगजो."

"आधी वर्धा. तिथून आर्वी, मंग कारंजा. पोचता पोचता दिवस कलते पण."

धुरपताबाई पुंडलिकरावांकडं पाहू लागली. "झेंडे तं काढून नेले असतीन तवापर्यंत."

"नेऊ दे. तुले झेंडे पायजेत काय?"

तिनं मान हलवली. मग लक्षात आलं, यांना ते दिसलं नसेल. "नाई," ती म्हणाली.

"मंग चाल. छायाले फोन कर, पुढच्या खेपेस येतो म्हण."

वर्ध्याची गाडी लागली. चढण्याआधी पुंडलिकरावांनी ड्रायव्हरला विचारलं, "वर्धाच ना, भाऊ?" तो हो म्हणाला. त्यांच्यामागून धुरपताबाईनंही एकदा विचारलं.