पडद्यावरचा सहदेव

मी तंबूतला पडदा. सिनेमा तुम्ही बघता, मी नाही. चित्र माझ्या अंगावर पडतं आणि मला दिसतात ती फक्त समोरची तोंडं. दहा वर्षं तोंडं बघतोय, म्हणून माणसांविषयी माझं मत फारसं बरं नाही.

महाडच्या एका शिंप्याने मांजरपाटाच्या पट्ट्या जोडून मला शिवलं. भात झोडून झालं की आमचा तंबू पोलादपूरला लागायचा, तो पावसाच्या तोंडावर निघायचा. मला बांधणं, सोडणं, मशीन चालवणं, सगळं मुरारीकडे.

बासष्ट साली एक हिंदी चित्र आलं. ऐकून ऐकून मला कळलं ते असं: मुंबईतल्या कारकुनाचं घर, तीन सुना, एकच रेडिओ आणि त्यावरून रोजची भांडणं. लोक पोट धरून हसायचे. त्या घरात एक गडी होता. सासरा बायकोवर चिडला की गड्याला चापट, सून नवऱ्यावर रुसली की गड्याला चापट. सगळ्यात जास्त हशा तिथेच पिकायचा.

तो गडी म्हणजे कुडपणच्या बयाबाईचा एकुलता एक सहदेव. गिरणी सोडून सिनेमात शिरला होता. ‘मोठ्या नटांबरोबर एका खोलीत उभा असतो’ असं त्याने पत्रात लिहिलं होतं. ते काही खोटं नव्हतं.

बयाबाई अख्खी वाडी घेऊन डोंगर उतरली. संध्याकाळच्या पहिल्या खेळाला ती अगदी पुढे बसली, मांडीवर ओवाळणीचं ताट. त्यातलं निरांजन मुरारीने आगीच्या भीतीने दारातच काढून घेतलं होतं. मुलगा मुंबईहून आला की ओवाळल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, ही तिच्या घरची रीत. आणि सहदेव तिला तीन वर्षांनी दिसणार होता.

“माझा सहदेव आला गो!” म्हणत ती उठली. बोटावर कुंकू घेऊन माझ्यापाशी आली, हात वर केला आणि नेमकी तेव्हाच चापट वाजली. मागच्यांना वाटलं, आईनेच मुस्काटात दिली. सगळा तंबू हसून हसून लोळला.

“वन्स मोअर!” हैबती ओरडला. हा कोणी परका नव्हे. बयाबाईचा शेजारी, सहदेवबरोबर गुरं राखलेला. मुरारीने रीळ मागे घेतलं.

“का मारताय रे त्याला? काय केलान त्यानं?” बयाबाई विचारत राहिली. पुन्हा हात उगारला गेला तशी तिने मला कवटाळलं. चापट तिच्या पाठीवर पडली. तिच्या बोटावरचं कुंकू माझ्या कापडाला लागलं. लोकांना मात्र आणखी चेव आला. त्या संध्याकाळी चार वेळा रीळ मागे गेलं, आणि चारही वेळा ती मध्ये उभी होती.

शिमग्याला सहदेव गावी आला. पालखीपुढे सोंगं नाचतात, त्यात हैबतीने सहदेवचं सोंग घेतलं आणि दुसऱ्याने लुगडं नेसून बयाबाईचं. अंगणात, सगळ्यांसमोर, लुगडं नेसलेल्याने हैबतीला चापटा मारल्या. सहदेवही हसला म्हणे. पालखी त्याच्या दारी टेकण्याआधी तो निघून गेला. मुंबईकडे नव्हे, आंबेनळीचा घाट चढून देशावर. तेव्हापासून पत्र नाही, पत्ता नाही.

“जरा मस्करी केली, त्यात काय एवढं?” तिकीट काढताना हैबती मुरारीला सांगत होता. मग आत येऊन बसला आणि नव्या चित्राला खदखदून हसला.

आता मी विरलोय. पुढच्या हंगामाला नवा पडदा येणार, माझी ठिगळं होणार. त्याचं दुःख नाही. तुम्ही कधी तंबूत आलात तर हसाही खुशाल, हसण्यासाठीच पैसे मोजता. फक्त पुढे कोण बसलंय ते एकदा बघा. माझ्यासमोर बसणाऱ्यांनी ते कधी बघितलं नाही.

काल भर दुपारी मुरारी मला बांधत होता. बयाबाई डोंगर उतरून आली. या खेपेला एकटीच.

“मुरारी, त्यो सिनेमा लाव ना रे. माझा सहदेव दिसंल.”

“तो चित्रपट कधीच परत गेला, आजी. आणि त्यात तो मारच खातो ना?”

“खाऊ दे,” ती म्हणाली. “या वक्ताला मी मधी नाय येनार.”