पेंटर अँड सन

मी शिडी बोलतेय. बारा पायऱ्यांची, लाकडी, अंगभर रंगांचे शिंतोडे असलेली. सुताराच्या दुकानात मोठा म्हणून तो हातोडा आणि लहान म्हणून ती हातोडी. मी दोघांपेक्षा कितीतरी उंच, तरी मला 'ती'च म्हणत. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची.

एका पेंटरने मला विकत घेतलं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला थोरली मुलगी आणि तिच्यामागचा मुलगा. घरात सगळे तिला ताई म्हणत.

मुलगा आठ वर्षांचा झाला तसं पेंटरने त्याला माझ्यावर चढवलं. चौथ्या पायरीवर तो मला मिठी मारून रडायला लागला.

"पुरुषासारखा पुरुष तू, आणि रडतोस?" पेंटर म्हणाला. आठ वर्षांचा पुरुष!

ताईला कुणी चढवलं नाही. बाप जेवायला गेलेला पाहून ती आपली आपणच चढली आणि अर्धवट राहिलेलं अक्षर पुरं करून उतरली. बाप परत आला. आपला हात कुठे थांबला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला, हे त्याला ओळखता आलं नाही.

पुढे पेंटरचा हात कापायला लागला. ब्रश धरवेना. मग ताई वर आणि भाऊ मला खालून धरायला, असं दहा वर्षं चाललं. वर ती रंगवत असायची आणि गिऱ्हाईक खाली भावाला सांगायचं, "पेंटर, तो काना जरा जाड करा."

भाऊ मान वर करून म्हणायचा, "ताई, काना."

"करतेय," वरून उत्तर यायचं.

पाटी झाली की शाबासकीची थाप भावाच्या पाठीवर. ती त्याला झोंबायची. त्याची बोटं माझ्यावर घट्ट आवळली जायची.

एकदा एका औषधवाल्याने हरकत घेतली. "बाईमाणूस असं भर रस्त्यात वर चढलेलं बरं दिसत नाही. पोरगा आहे की एवढा धडधाकट."

पेंटर शेजारीच होता. तो मुलाला म्हणाला, "चढ."

भाऊ चढला. सातव्या पायरीवर थिजला. वर जाईना, खाली येईना. माणसं जमली, हसू लागली. "बांगड्या भरा रे त्याला," कुणीतरी म्हणालं.

ताई त्याच्या मागून चढली. त्याचा घोटा हातात धरून एकेक पाऊल खालच्या पायरीवर टेकवत राहिली. "डावा. आता उजवा. लोकांकडे बघू नकोस, भिंतीकडे बघ." दोघंही सुखरूप उतरली.

घरी आल्यावर पेंटर तिच्यावरच उखडला. "तू सारखी पुढे पुढे करतेस, म्हणून तो मागे राहिला."

त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं. जाण्याआधी बापाने तिच्याकडून एक शेवटची पाटी करून घेतली, स्वतःच्याच दुकानाची. 'पेंटर अँड सन'.

"यात ताई कुठे आहे?" भावाने विचारलं.

"ती आता दुसऱ्या घरची," बाप म्हणाला.

ताई माझ्यावर चढली. 'सन'मधल्या 'न'ला तिने असं काही वळण दिलं, की तितकं देखणं अक्षर तिच्या हातून कधी उतरलं नव्हतं. खाली येताना तिची पावलं फार जड लागली मला.

ती गेल्यावर भावाने ब्रश ठेवून दिले. तो आता मशीनवर छापलेल्या पाट्या विकतो. मी मागच्या अंगणात आले. माझ्यावर कपडे वाळतात.

परवा ताई माहेरी आली होती. तिच्या नखांत आता रंग नसतो. तिची सहा वर्षांची मुलगी ओले टॉवेल बाजूला सारून माझ्या पाच पायऱ्या चढली. जराही न डगमगता. किती वर्षांनी असा पाय लागला मला.

"चढू दे गं, मी धरतो," भाऊ म्हणाला.

"नको." ताई दारातूनच ओरडली. "उतर खाली. पडलीस आणि तोंडावर खूण राहिली, तर पुढे कोण करून घेईल तुला?"

पोर उतरली. ताईने तिचे हात पुसले आणि टॉवेल पुन्हा माझ्यावर पसरले.

माझी आता एकच विनंती आहे. मला फोडा आणि चुलीत घाला. अशी उभी ठेवू नका. लहान मुली मला बघतात आणि त्यांना वाटतं, ही चढण्यासाठीच आहे.