विमानबंदीचा ठराव

गच्चीवर सौर पॅनेल बसली, वर्गांतला एसी सव्वीसच्या खाली न्यायला बंदी आली, तोवर मुलुंडच्या त्या विद्यापीठात सगळे खुशीत होते. कार्बन समितीच्या प्रमुख सुलक्षणा परब यांना येताजाता शाबासकी मिळत होती. मग हिशेब पुढे सरकला आणि लक्षात आलं, की खरा धूर प्राध्यापकांच्या परदेशवाऱ्यांतून निघतोय. सुलक्षणांनी ठराव मांडला: परदेशी परिषदांना विमानाने जाणं बंद, सगळं ऑनलाइन. आधी मंजूर झालेल्या प्रवासांना तेवढी सूट. ठराव मंजूरही झाला.

दुसऱ्या दिवशी प्रबुद्ध इंगळे त्यांच्या केबिनमध्ये आला. मानखुर्दचा मुलगा, खारफुटीच्या मातीवर काम करणारा, नुकताच नोकरीत कायम झालेला.

"मॅडम, लिस्बनच्या परिषदेत माझा पेपर घेतलाय."

"अरे वा! मग इथूनच वाच की."

"वाचेन ना." तो उठला नाही. "तुम्ही पहिल्यांदा कुठे गेला होतात, मॅडम?"

"लिस्बनलाच," त्या हसून म्हणाल्या. "माझा पेपर कुणाला कळलासुद्धा नाही. पण जेवताना शेजारी तेरेसा नावाची बाई बसली होती. तिने एवढे प्रश्न विचारले, की पुढची सगळी वर्षं आम्ही एकत्रच काम..."

बोलता बोलता त्या थांबल्या. यंदाच्या लिस्बनच्या परिषदेला सुलक्षणांचा प्रवास आधीच मंजूर होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतःचाच ठराव बदलायला काढला. जे कधीच गेले नाहीत त्यांना एकदा जाऊ द्यायचं. जे जाऊन आलेत त्यांनी थांबायचं, प्रवास मंजूर असला तरी.

"म्हणजे सीनियर झालो म्हणून शिक्षा?" त्यांचा जुना सहकारी अनिरुद्ध सामंत भडकला. त्याचंही तिकीट निघालं होतं.

"शिक्षा कसली रे? आपल्या वाट्याचं आपण उडून घेतलंय."

"आणि कार्बन? तो काय पहिल्या खेपेला कमी निघतो?"

"नाही निघत. आकडा थोडा चढेल, ते मी अहवालात लिहीन."

ठराव जेमतेम पास झाला. अनिरुद्धने त्यांच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं. त्यांना ते लागलं, पण समजावायला त्या गेल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी तेरेसाला फोन लावला. तेरेसा यंदा निवृत्त होणार होती आणि तिच्या गावच्या घरी दोघींनी आठवडाभर राहायचं ठरवलं होतं.

"येत नाही मी," सुलक्षणा म्हणाल्या आणि कारण सांगितलं.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "मग आता भेटायचं कधी?"

सुलक्षणांनी विषय बदलला. "प्रबुद्ध इंगळे म्हणून मुलगा येतोय. लाजरा आहे, आपणहून बोलायचा नाही. तू त्याला परिषदेत गाठ," असं म्हणून त्या त्याच्या कामाबद्दल सांगू लागल्या.