नऊ चौरस मिलिमीटर

“पुन्हा एकदा मोजून बघू का?” बाईंनी विचारलं.

“दोनदा झालंय बाई,” म्हणत डॉक्टरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सोनोग्राफी विभागात बाई एकवीस वर्षं मनगटं तपासत होत्या. मनगटातली मधली नस सुजली की बोटं बधिर होतात. नसेचं माप दहा चौरस मिलिमीटरच्या वर गेलं तरच ऑपरेशन, असा तिथला शिरस्ता. या मापांवर कितपत भरवसा ठेवायचा हे बघायला डॉक्टरांनी बाईंना आणि विभागात नुकत्याच लागलेल्या नव्या मुलीला तीच वीस मनगटं आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजायला लावली होती. मुलीचे आकडे जुळले. बाईंचे स्वतःशीच जुळेनात.

“तुम्ही मशीनचा प्रोब मनगटावर फार दाबता. नस चेपते, माप कमी भरतं.”

“किती दाबतेय ते मला कळत नाही,” बाई बोलून गेल्या. मग उजवा हात मांडीवर घेऊन म्हणाल्या, “दोन वर्षं झाली. बोटं मेल्यासारखी असतात. घरी ठाऊक आहे. इथं म्हटलं, निभावून नेऊ.”

“आजपासून मोजायचं काम नवी मुलगी करेल,” डॉक्टर म्हणाले.

दुपारी बाईंनी दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. माप नऊ-साडेनऊ भरलं म्हणून परत पाठवलेली सदतीस माणसं निघाली. त्यांनी एकेकाला फोन लावला.

सगळ्यात आधी आली ती शर्टांच्या कारखान्यात शिलाई करणारी. दीड वर्षापूर्वी बाईंनी तिचं माप नऊ लिहिलं होतं. तिने हात टेबलावर ठेवला, आणि मोजायच्या आधीच बाईंना दिसलं. अंगठ्याच्या बुडाशी मांसल उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता.

नव्या मुलीने मोजलं. “चौदा.”

“ऑपरेशनने दुखणं थांबेल,” डॉक्टर म्हणाले. “गेलेला जोर मात्र परत येणं कठीण.”

“मशीन तर कधीच सुटलं,” शिलाईवाली म्हणाली. “आता नुसती घड्या घालते.”

डॉक्टर गेल्यावर बाई तिच्याजवळ बसल्या. “तेव्हा माझं मोजण्यात चुकलं असेल.”

“छे हो ताई, तेव्हा कमीच असेल. नंतर वाढलं असेल.”

तेव्हा खरंच किती होतं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाईंनी मान हलवली.

शिलाईवालीने मनगटावरचं जेल पुसलं, बाही खाली ओढली आणि बटण लावायला लागली. ते सारखं निसटत होतं.

“थांबा, मी लावते,” बाई म्हणाल्या. त्यांनी बटण चिमटीत धरलं. ते धरलंय की सुटलंय हे त्यांना बघावं लागत होतं. तीनदा काजापर्यंत नेलं, तीनदा सुटलं. शिलाईवाली आता बटणाकडे नाही, त्यांच्या बोटांकडे बघत होती.

“राहू दे ताई,” ती हलकेच म्हणाली. तिने बाही कोपरापर्यंत वर सारली आणि ती तशीच बाहेर पडली.