दोन फिक्या वाट्या

लॅबवाल्या स्नेहलनं बारक्या वाट्यांची प्लेट उजेडात धरली.

"बघा दादा, तुमच्यासमोर पुन्हा केली टेस्ट. आता तरी पटतंय का?"

विजयसिंह वाकला. पहिल्या रिपोर्टावर त्याचा विश्वासच नव्हता, म्हणून सकाळपासून बावड्यातल्या त्या एवढ्याशा लॅबमध्ये तो ठाण मांडून बसला होता. मागं व्हीलचेअरवर त्याची आई आक्का, मणका खचल्यापासून अशाच. खुर्ची धरून बहीण संयोगिता उभी.

"ही बारकी वाटी तीन महिन्यांपूर्वीच्या रक्ताची, ही आजच्या," स्नेहल म्हणाली. "नवं हाड तयार व्हायला लागलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. हाड भरायचं इंजेक्शन रोज घेतल्यावर दुसरी वाटी हळदीसारखी दिसायला हवी. इथं दोन्ही फिक्याच."

"म्हंजे औषध बोगस?"

"औषध दिलं का रोज, ते आधी बघा."

विजयसिंहाची मान वळली. "संयू, तूच देतीस न्हवं?"

आई चालायला लागली की संयोगिताला पन्हाळ्याला नवऱ्याच्या घरी पोचवतो, असा शब्द भावानं सासरच्या पावण्यांना देऊन टाकला होता. त्या घरात तिच्या खोलीला बाहेरून कडी असायची. तिथं परत जायचं नव्हतं, काही झालं तरी नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी ती औषध मोरीत सोडायची, इंजेक्शनच्या पेनाचं टोपण आईच्या पोटाला टेकवून "झालं" म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचाच राग राग करत रडायची. हे कुणालाच ठाऊक नाही, असं तिला वाटत होतं.

"दादा, मी..."

"तिला काय इचारतोस?" आक्का कडाडल्या. "तिला भाईर धाडून मीच मोरीत वतत हुतो. रोज सुया टोचून घ्यायला मी काय गोधडी हाय?"

संयोगिता आईकडं बघतच राहिली. आक्कांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आई, अगं आता परत पयल्यापासनं!" विजयसिंह ओरडला. "पावण्यांना काय सांगू मी?"

"आईचं दुखणं हाय म्हणून सांग. आन् सुई संयूच देईल. दुसऱ्या कुणाचा हात मला चालत न्हाय."

स्नेहलनं वही ओढली. "पुढची तपासणी तीन महिन्यांनी लिहू?"

"लिव्ह की," आक्का म्हणाल्या. खुर्चीच्या दांड्यावरचा लेकीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. "आन् तवाबी असंच आलं, तर येऊ दे पोरी. मला चालायची काय घाई न्हाय."