पहिल्या ओळीतलं नाव

इंग्रजी विभागाच्या दाराशी काचेचा एक फलक आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विभागाची यशोगाथा’ असं लिहिलेलं. गाथा कसली, दहा वर्षं त्यात दोनच कागद होते : एक विभागप्रमुखांना पीएच.डी. मिळाल्याचा आणि दुसरा वक्तृत्व स्पर्धेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसाचा. मंगळवारी तिसरा लागला. ‘विभागप्रमुख डॉ. किसनराव धनोकार यांच्या शोधनिबंधास विद्यापीठात प्रथम क्रमांक.’ आणि खाली, डोळे बारीक करून वाचावं लागेल अशा अक्षरांत, ‘सहकार्य : कु. धम्मशीला तायडे, बी.ए. भाग तीन.’

पोरं सरांना पेढे मागत होती. धम्मशीला मात्र फलकासमोरून हलेना. निबंध तिचा होता. तण निंदायला जाणाऱ्या बायका वावरात जी गाणी म्हणतात, ती तिनं दोन पावसाळे पिंपळगाव राजाच्या शिवारात फिरून गोळा केली होती, इंग्रजीत उतरवली होती आणि त्यांवर पंचवीस पानं लिहिली होती. सरांनी स्वल्पविराम तेवढे दुरुस्त केले होते.

खरं सांगायचं तर घोळ तिनंच घातला होता. स्पर्धा शिक्षक-विद्यार्थी दोघांनाही खुली होती. फॉर्मवर दोन ओळी होत्या, वर ‘संशोधक’, खाली ‘सहकारी’. आता लग्नाच्या पत्रिकेत काय, समाजमंदिराच्या पाटीवर काय, थोरामोठ्यांचं नाव आधी आणि आपलं खाली, हेच लहानपणापासून पाहिलेलं. तिनं मानानं सरांचं नाव वर लिहिलं आणि स्वतःचं खाली. सरांनी फॉर्म वाचला, जरासे थांबले आणि सही करून मोकळे झाले.

विद्यापीठाच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. राज्य पातळीवर निबंध मांडायला पहिल्या ओळीतला माणूस जाईल. आणि नावात दुरुस्ती असेल तर ती शुक्रवारपर्यंत कळवावी. म्हणजे हातात तीन दिवस होते.

बुधवारी ती सरांसमोर उभी राहिली.

“सर, पहिल्या ओळीत माझं नाव पाहिजे होतं.”

“अगं, तूच तर लिहिलंस ना?”

“हो सर. मानानं लिहिलं.”

“मग? दिलेला मान कोणी परत मागतं का?” सर हसले, पण नजर फायलीतच ठेवून. “मी मार्चमध्ये रिटायर होतो, तायडे. आपला विभाग राज्यपातळीवर कधीच गेला नाही. तुझ्यापुढं आख्खं आयुष्य पडलंय. नाव वर-खाली झालं तर काय बिघडतं?”

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. पहिल्या वर्षी तिला इंग्रजीत धड एक वाक्य जुळवता येत नव्हतं, तेव्हा ह्याच सरांनी स्वतःची पुस्तकं तिला दिली होती. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? एस.टी.त बसून गावापर्यंत ती तोच विचार करत राहिली.

घरी तिची आई, जनकाबाई, वावरातून येऊन पाय धूत होती. लेकीनं सगळं सांगितलं. जनकाबाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“मान देल्ला, चांगलं केलं,” ती म्हणाली. “पण मेहनत काऊन देल्ली?”

“आता कसं मागू वं माय? लाज वाटते मले.”

“चोरी करून राह्यली का तू? जाय, माग. एकडाव नाही म्हटलं तं दुसऱ्यांदा माग.”

गुरुवारी सरांनी वर्गात सादरीकरणाची रंगीत तालीम ठेवली. वीसेक पोरं, पुढं प्राचार्य. सर म्हणाले, “परीक्षक बनून प्रश्न तूच विचार. निबंध तुला पाठ आहे.” भीड भिकेची बहीण, असं मनाशी म्हणत धम्मशीला उठली. तिनं सोळाव्या पानावरचं गाणं वाचलं :

“लेकरू निजे धुऱ्यावरी, बाई निंदते वावरी,
तास संपता संपता, मान वळेना माघारी.”

“सर, लेकरू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर निजलंय. तास संपलं, ती ओळ निंदून झाली. मग आई वळून का पाहत नाही?”

सरांनी चष्मा काढला. “कष्टांमुळे मन निबर होतं,” ते म्हणाले. मग “समाजव्यवस्थेमुळे...” म्हणाले आणि तिथंच अडकले.

“तसं नाही सर,” धम्मशीला म्हणाली. “मायचं तोंड दिसलं की लेकरू रडते. रडलं की घ्यावं लागते. घेतलं की तिचं तास मागं पडते, अन् मागं पडणाऱ्या बाईले दुसऱ्या दिवशी कामाले कोणी बोलवत नाही. ते निबर नाही सर. तिले पाहाचंच असते.”

सरांनी चष्मा परत लावून सोळावं पान पुन्हा वाचलं. मग सगळ्यांदेखत म्हणाले, “सही करताना मला दिसलं होतं. तेव्हाच माझं नाव खोडायला पाहिजे होतं. दुरुस्तीचा कागद आण.”

तिनं कागद आणला. सरांनी पेन तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “हे उत्तर तुला कोणी सांगितलं?”

“धुऱ्यावरचं लेकरू मीच होती, सर. गाणं माह्या मायचं हाय.”

सरांनी पान उलटून पाहिलं. “मग इथं ‘एक शेतमजूर स्त्री’ एवढंच का लिहिलंस? तिला नाव नाही?”

धम्मशीलाच्या कानशिलात कोणी ठेवून दिल्यासारखं झालं. एका ओळीसाठी तीन दिवस ती जिवाचं रान करत होती, आणि पंचवीस पानांत आईचं नाव एकदाही नव्हतं. तिनं तिथंच फोन लावला. पलीकडून वावरातल्या बायांचा गलका ऐकू आला.

“माय, तुहं पुरं नाव सांग. निबंधात लिहाचं हाय. गाणं तुहं हाय ना.”

जनकाबाई गलक्यातून बाजूला झाली. मग म्हणाली, “जनकाबाई पुंजाजी तायडे. पण थांब. ते गाणं मले माह्या मायनं शिकवलं, मनकर्णाबाईनं. तिचं नाव माह्या आधी लिव. मोठ्या माणसाचं पयले लिवा लागते.”

“हाव माय,” धम्मशीला म्हणाली.

दुरुस्तीच्या कागदावर पहिल्या ओळीत तिनं ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. मग सोळावं पान उघडून, गाण्याखाली, आधी आजीचं लिहिलं आणि नंतर आईचं.