मला कुठेच बसायचं नसतं

मित्रांनो, मी एक जुना पोलादी मापक आहे. दिसतो रायफलच्या गोळीसारखा, पण घाबरू नका, माझ्या पोटात दारू नाही.

माझं काम ऐकलंत तर हसाल. मला कुठेच बसायचं नसतं! रायफलच्या नळीत गोळीची जागा असते आणि तिच्यामागे बोल्ट, म्हणजे सरकती पोलादी खीळ, बंद होतो. मी खऱ्या गोळीहून केसभर लांब आहे. माझ्यावर बोल्ट बंद झाला नाही, तर रायफल ठीक. झाला, तर आतली जागा सैल आहे. मग बार उडताना गोळीची पितळी पुंगळी फाटू शकते आणि इजा होते ती झाडणाऱ्याच्या तोंडाला.

मिशिगनमधल्या एका लहानशा कारखान्यात मला घासून घडवलं. तिथून मी मोंटानात आलो, एल्मोच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात. एल्मो मला सदऱ्याला पुसायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "याला लाच चालत नाही." फार बरं वाटायचं हो! एल्मो गेला, दुकान विकलं, तिथल्या सामानातून व्हर्ना नावाच्या बाईने मला विकत घेतलं, आणि मी तिच्या स्वयंपाकघरातल्या खणात पडलो. रबरबँड, संपलेल्या बॅटऱ्या आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या, हे माझे शेजारी.

व्हर्ना शाळेची बस चालवते. गेल्या हिवाळ्यात तिने सेलमधले सुटे भाग आणून जेवणाच्या टेबलावर रायफल जोडली. तेव्हा मला एकदा बाहेर काढलं. मी बसलो नाही. ती खूश, मीही खूश.

तिचा धाकटा भाऊ ऑरिन मात्र नाक मुरडायचा. त्याची सारी नोकरी सैन्यात रायफली दुरुस्त करण्यात गेलेली.

"ही रायफल आहे की भंगाराचं दुकान?" तो विचारायचा.

"तुझं सैन्य तरी कुठून घेतं रे? जो सगळ्यात स्वस्त देईल त्याच्याकडूनच ना?"

गावच्या नेमबाजी सामन्याच्या दिवशी सकाळीच ऑरिन आला. त्या दिवशी व्हर्नाचा वाढदिवसही होता. त्याने मोज्यात गुंडाळलेला एक बोल्ट काढला. त्यावर सैन्याच्या दर्जाचा शिक्का होता. व्हर्ना पॅनकेक उलटेपर्यंत त्याने तिचा स्वस्तातला बोल्ट काढून तो बसवलासुद्धा.

"आता कशी शोभतेय! चल, उशीर होतोय."

"थांब, मोजू दे."

"अगं, शिक्का दिसत नाही का? याला काय मोजायचंय?"

"बोल्ट बदलला की मोजायचं. मला तोंड एकच आहे, बाबा."

तिने खणातून मला शोधून काढलं, पुसलं आणि नळीत सरकवलं. बोल्ट हळूच पुढे आला आणि माझ्यावर अलगद बंद झाला. मित्रांनो, मी बसलो! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पॅनकेक करपला. ऑरिनने स्वतः पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"बोल्ट चांगला आहे गं," तो पुटपुटला. "नळीही चांगली आहे. पण दोघांचं जमत नाही." मग त्याने तो बोल्ट काढून घेतला. "व्हर्ना, मी तुझा डोळा घालवला असता."

"नाही घालवलास. गप बस आणि खा."

स्वस्तातला बोल्ट परत बसला, आणि मी बसलो नाही. ऑरिन खायला बसलाच नाही. गाडीतून आपली जुनी रायफल आणून त्याने टेबलावर ठेवली.

"हिच्यावर तर सैन्याचा शिक्का आहे ना?" व्हर्नाने टोमणा मारला.

"म्हणून तर कधी मोजली नाही. मोज."

तिने मोजली, आणि मी पुन्हा बसलो. त्या दिवशी ऑरिन सामन्यात नुसताच टाळ्या वाजवायला गेला.

मित्रांनो, स्वस्त काय आणि सैन्याचं काय, मला वाचता येत नाही. मला एवढंच कळतं की बोल्ट बंद झाला की नाही. म्हणून विचारत जा मला. आणि विचारून झालं की तेलाचा एक थेंब लावून कोरड्या जागी ठेवा. मी गंजून फुगलो, तर सैल रायफलीतही माझ्यावर बोल्ट बंद होणार नाही, आणि मीही खोटं बोलेन. आणि व्हर्ना माझ्यावर विश्वास ठेवून तीच सैल रायफल डोळ्याशी नेईल.